रोजा सोडून येईपर्यंत

रबाबने चिमूटभर पूड प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली धरली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हाही पूड फिकटच होती. ये रे माझ्या मागल्या.

"हिरवी?" मागून डॉक्टर वजीहनी विचारलं.

तिने दिवा बंद केला.

रमजानात केलेली पहिली पूड याच दिव्याखाली बरसीम गवताच्या शेतासारखी हिरवीगार उजळली होती. जस्ताचे ते कण केसापुढेही नगण्य, पण कोळशात मिसळून त्यांची पट्टी केली की वीज अशी धरून ठेवायचे की डॉक्टरांनी भर बैठकीत रबाबची पाठ थोपटली होती. त्यानंतर तेच वजन, तीच भट्टी, तोच ताव, आणि हिरवा रंग काही परत आला नाही. विभागात कायमची जागा एकच होती आणि हक्कदार दोघी, रबाब आणि तिची बालमैत्रीण इरिनी. रबाबने खोटे आकडे रचले, अशी कुजबुज आता मेसपर्यंत पोचली होती.

आज शेवटचा घाणा. तो भट्टीत गेला तेव्हा डॉक्टर वजीह स्वतः खुर्ची टाकून समोर बसले.

"त्या दिवशी भट्टीपाशी कोण होतं?"

"मीच."

"सूर्यास्तालाही? रमजानात?"

"मीच होते, डॉक्टर."

तराजूपाशी बसलेल्या इरिनीचा हात थबकला. नियम असा होता की जिने भट्टी पेटवली तिने हलायचं नाही. रिवाज वेगळा होता. रमजानात सूर्यास्ताला रोजेदार पोरी जेवायला जात आणि त्यांच्या भट्ट्या इरिनीसारख्या ख्रिस्ती पोरी सांभाळत. चर्चच्या सणाला याच्या उलट. मागे काय झालं हे कुणी विचारत नसे. मदत करणाऱ्याला का कुणी जाब विचारतं? आणि नाव सांगितलं असतं तर जागा इरिनीच्याही हातून गेली असती. रबाबचा आजही रोजा होता. रमजानातले सुटलेले रोजे ती आता भरून काढत होती.

दुपार कलली. डॉक्टर जागचे हलले नाहीत. भट्टीचा काटा ठरल्या आकड्यावर चढून बसला होता आणि रबाब त्याच्याकडे देवाला कौल लावल्यासारखी बघत होती. हाही घाणा फिकटच निघणार, हे तिला मनातून कळून चुकलं होतं.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. इरिनी उठली. कपाटामागून तिने विजेची किटली काढली, नळाखाली भरली.

"प्रयोगशाळेत किटली?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"चहा करते," म्हणत तिने ती भट्टीच्याच बोर्डाला लावली.

खट्. भट्टीचा लाल दिवा विझला.

रबाब ताडकन उठली.

"इरिनी, काय केलंस हे?"

"त्या दिवशी केलं होतं तेच." इरिनी तिच्याकडे बघत नव्हती. "तू आलीस की गरम चहा हवा म्हणून किटली लावली. दोन्हींचा भार सोसेना, खटका पडला. वर केला की पुन्हा पडायचा. शेवटी चहा स्पिरीटच्या दिव्यावर केला. खटका टिकला तो तुझी पावलं जिन्यात वाजली तेव्हा. वाटलं, हिची मेहनत मातीत घातली मी. पण पूड सोन्यासारखी निघाली, मग मिठाची गुळणी धरली. आणि पुढे ही जागा निघाली."

डॉक्टर वजीह भट्टीचा उतरता काटा बघत राहिले. राग त्यांच्या कानापर्यंत चढला होता, पण डोळे काट्यावरून हलत नव्हते.

"किती वेळ बंद होती?"

"घड्याळ नाही पाहिलं, डॉक्टर. ही रोजा सोडून येईपर्यंत."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं: भट्टी मध्येच थंड झाली, म्हणून हिरवा रंग?

"दोघी खोटारड्या," डॉक्टर अखेर म्हणाले. "जागेचं मग बघू." ते रबाबकडे वळले. "तू उभी काय? जा. सूप पी, नमाज पढ आणि त्या दिवशी आलीस तशीच ये. घाई केलीस तर नुकसान तुझंच आहे."

मेसमध्ये रबाबने खजूर तोंडात टाकला. मसुराचं सूप समोर आलं. त्या दिवशी तिने दुसरी वाटी घेतली होती की नाही? आठवेना. रोजचा घास, पण आज प्रत्येक घासाला भीती वाटत होती. शेवटी भूक म्हणाली तसं तिने केलं, दुसरी वाटी घेतली, नमाज पढली आणि निघाली.

जिन्यापाशी ती क्षणभर थांबली. वरून स्पिरीटचा वास येत होता. मग एरवी मांजरीच्या पावलांनी चालणारी रबाब पाय आपटत पायऱ्या चढू लागली.

वर खटका वाजला.