देताना काय म्हणाली

आमचे हे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. लोक काय मानतात ते गोळा करणं हेच त्यांचं काम. ते जाऊन वर्ष झालं, तेव्हा विद्यापीठातून डिंपल नावाची मुलगी त्यांचे कागद न्यायला आमच्याकडे पवनीला आली.

ट्रंकेतून काय निघावं? 'शंभर प्रती वाटा, नाहीतर संकट येईल' छापाची देवाची पत्रकं, आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. आंबागडावर म्हणे परग्रहावरचे लोक उतरले होते, अन् वैनगंगेखाली सोन्याचं शहर आहे. प्रत्येकाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली: कोणी दिलं, कधी दिलं, देताना काय म्हणाले.

डिंपल मोठ्यानं वाचत होती. "रंभाबाई, घाट." परत, "रंभाबाई, घाट." घाटावर फुलं विकायची ती. तिच्या एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या, त्याही पाठपोट भरलेल्या.

"'रंभाबाई हसली. म्हणाली, देवाले पोस्टाचा पत्ता नाई, म्हणून आमी वाटून राहिलो.'"

हसली तेसुद्धा लिहिलं! माझा नुसता जळफळाट झाला. घरी मी बोलायला लागले की या माणसाच्या कानात बोळे, आणि घाटावर शब्द न् शब्द टिपून घ्यायचे. तिच्या फुलांपेक्षा तिचं बोलणंच जास्त खपलं म्हणायचं.

"माझी चिठ्ठी पाह्य न एखादी," मी म्हटलं. "मी बी एक पत्रक देल्लं होतं."

ट्रंकेच्या तळाशी ती सापडली. ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला नेताना मीच त्यांच्या खिशात घातलेलं पत्रक. पुढं ते बरे होऊन घरी आले, पण त्या कागदाचा विषय कधी निघाला नाही.

डिंपल जरा अडखळली. "'देणारी: पत्नी. देताना काय म्हणाली: विशेष काही नाही.'"

विशेष काही नाही! मला एकेक शब्द आठवत होता. डिंपलच्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'हसू नोका. तुमी नसान तं मी कोनाशी भांडू?'

"काकू! मूळ कागदावर लिहाचं नसते!"

"मूळ तं मी आहो, बाई," मी म्हटलं, आणि 'पत्नी'च्या पुढं माझं नाव लिहिलं, ललिता.