छातीपासून एक वीत

दुसरबीड आणि आसपासच्या खेड्यांत लग्न म्हटलं की रंगरावांचे भोंगे, हे तीस-पस्तीस वर्षं ठरलेलं होतं. शेती होती, वांग्या-टमाट्यांचा मळा होता, पण माणसं त्यांना ओळखायची ती आवाजावरून. मंडपात सगळं मांडून झालं की ते स्वतः शेवटच्या पंगतीच्याही पलीकडे जाऊन उभे राहायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि हातानंच खुणा करायचे. तिकडचा खाली घे, इकडचा थोडा फिरव. कोणत्या पेटीतल्या स्पीकरचा पडदा फाटलाय, हे त्यांना पेटी न उघडता कळायचं. पुढं डीजेच्या भिंती आल्या. "ह्याच्यात ऐकाचं काय हाये, सोसाचं हाये," असं म्हणून त्यांनी एक दिवस धंदा बंद केला आणि पूर्ण वेळ मळ्यात लक्ष घातलं.

मागच्या श्रावणात ते वांग्याच्या सरीत चक्कर येऊन पडले. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा पडले. तपासण्या झाल्या आणि संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकरची चपटी डबी बसली. चौथ्या दिवशी घरी सोडताना दवाखान्यानं एक कागद दिला. मोबाईल उजव्या कानाला लावा, डाव्या खिशात ठेवू नका, लोहचुंबकापासून लांब राहा. घरच्यांनी एवढं वाचलं आणि कागद कपाटात ठेवला. रंगरावांनी मात्र खालची बारीक ओळही वाचली. लोहचुंबक कशाकशात असतं, त्याची यादी होती, आणि त्या यादीत पहिला शब्द होता, 'मोठे स्पीकर'.

दुसऱ्या कुणाला त्या शब्दाचं काही वाटलं नसतं. पण रंगरावांनी असले शेकडो स्पीकर स्वतःच्या हातानं खोलले होते. पंधरा इंची स्पीकरच्या पाठीला असलेलं ते काळं जड कडं त्यांनी पाहिलं होतं. एकदा त्याला चिकटलेला पाना ओढून काढताना त्यांच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. ज्याला चिकटलेला पाना सुटत नाही, ते छातीतल्या एवढ्याशा डबीला काय करील, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो बाहेर निघेना.

घरात पुढच्या खोलीत टीव्ही होता. दोन्ही बाजूंना उभे स्पीकर आणि खाली, टेबलाच्या कोपऱ्यात, जाड आवाज काढणारी एक ठोकळ्यासारखी पेटी, म्हणजे सबवूफर. दर रविवारी संध्याकाळी घरचे चौघं एकत्र बसून सिनेमा पाहायचे. दवाखान्यातून आल्यावर रंगरावांनी त्या खोलीत बसणं सोडलं.

"बाबा, येता ना?" सून रुपाली विचारायची.

"तुमी पाहा. माहे डोळे चुरचुरतात."

ते ओट्यावर बसून राहायचे. आतून आवाज यायचा. त्यांची बायको सत्यभामाबाई चहा घेऊन बाहेर यायच्या, थोडा वेळ शेजारी उभ्या राहायच्या आणि आत जायच्या.

खरं सांगायची त्यांना लाज वाटत होती. आयुष्यभर ज्या पेट्या खांद्यावर वाहिल्या, त्यातल्या एका लहानशा पेटीला आपण भ्यालो, हे बोलायचं कसं? शिवाय सांगितलं असतं तर मुलानं, अविनाशनं, ते सगळं सामान त्याच दिवशी माळ्यावर टाकलं असतं, आणि घरातली ही एक हौसही गेली असती. म्हणून ते गप्प राहिले. आणि भीतीचं असं असतं की तिला एक जागा दिली की ती दुसरी मागते. हळूहळू मिक्सर सुरू झाला की रंगराव परसात जाऊ लागले. दळण आणायला जाईनात. मळ्यातली मोटर चालू करायला त्यांना दुसरं माणूस लागू लागलं. दवाखान्याच्या पहिल्या तपासणीला विचारायचं ठरवून गेले होते, पण अविनाश शेजारी उभा, बाहेर रांग लागलेली, विचारायचं राहूनच गेलं.

अविनाशचं हायवेवर ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. वडील टीव्हीपुढं का बसत नाहीत, याचा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. जुन्या सबवूफरचा आवाज फाटला होता. बाबांचे कान तयार, त्यांना फुटका आवाज सोसत नाही, डोळ्यांचं नुसतं निमित्त आहे. असं ठरवून त्यानं नवा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मागवून घेतले. सबवूफर तेवढा घ्यायचा ठेवला.

"तो तुमी निवडाचा," तो म्हणाला. "सोमवारी चार वाजता तुमची तपासनी हाये. सकाळीच निघू, आधी दुकानात जाऊ, मंग दवाखान्यात."

"मले काय समजते त्यातलं? तूच घे एखादा लहानसा."

"तुमाले नाही समजत तं कोनाले समजते बाबा?"

सोमवारी सिंदखेडराजा गेलं, जालना गेलं, तरी ते गाडीत खिडकीबाहेरच पाहत होते.

संभाजीनगरातलं ते दुकान निशिगंधा नावाची एक तिशीतली बाई चालवत होती. मागच्या बाजूला तिनं ऐकण्यासाठी एक वेगळी खोली केली होती, भिंतीला जाड कापड, समोर पेट्यांची ओळ. अविनाश आत गेला. रंगराव दारातच थांबले.

"काका, आत या ना, खुर्ची आहे."

"इथं बरं हाये. हवा लागते."

खोली केवढी आहे, फरशी कसली आहे, शेजाऱ्याची भिंत लागून आहे का, असं सगळं विचारून निशिगंधानं दोन सबवूफर निवडले. एक मोठा, पुढच्या बाजूला हवेसाठी भोक असलेला. दुसरा त्याहून आटोपशीर, चारी बाजूंनी बंद पेटीचा. आधी मोठा लावला. सिनेमातला एक स्फोट झाला आणि दाराची चौकट रंगरावांच्या हाताखाली थरथरली. अविनाश खूश झाला. मग तोच स्फोट दुसऱ्या पेटीवर.

"पहिलाच भारी वाटून राह्यला," अविनाश म्हणाला. "बाबा?"

"घे मंग तो," रंगराव म्हणाले. लवकर आटपावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण कान ऐकेनात. पहिल्या पेटीचा आवाज थांबायच्या वेळी थांबत नव्हता, मागं रेंगाळत होता. अशा पेट्यांनी त्यांना मंडपात फार छळलं होतं. शेवटी ते दारातूनच म्हणाले, "ताई, स्फोट नको. नुसती ढोलकी असंल तं लावा. बाकी काही नको."

निशिगंधानं शोधून ढोलकी लावली. मोठ्या पेटीवर ती टाकीत वाजवल्यासारखी घुमली. मग बंद पेटी. आता थाप ऐकू आली, थापेखालचं कातडं ऐकू आलं, आणि थाप संपली तिथं आवाजही संपला.

"हे पाहा," रंगराव म्हणाले. "समजलं काय तुले? तिकडं हाताचा पत्ताच नाही. इकडं बोट कुठं पडलं ते दिसते." बोलत बोलत ते खोलीत आले, अविनाशच्या पुढं गेले, बंद पेटीजवळ उकिडवे बसले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी तिच्या अंगावर तळहात टेकवून कान जवळ नेला. "पेटी बी कापत नाही. लाकूड चांगलं—"

आणि मग त्यांना आठवलं.

हात तसाच राहिला. छातीत एकदम धडधड सुरू झाली, कपाळावर घाम आला. निशिगंधानं आवाज बंद केला. अविनाशनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"काय होऊन राह्यलं बाबा? चक्कर?"

"लोहचुंबक," ते म्हणाले. "ह्या पेटीत लोहचुंबक हाये. मी छाती लावली तिले."

मग त्या खुर्चीत बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. बारीक ओळ, पान्याचं नख, डोळ्यांचं खोटं कारण, मिक्सर, मोटर. अविनाश खाली जमिनीवर बसून ऐकत होता.

"सहा महिने," तो शेवटी म्हणाला. "सहा महिने तुमी हे एकटेच घेऊन बसले. मले काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? रंगराव भोंगेवाला पेटीले भ्याला म्हनून?"

निशिगंधानं पाणी आणलं. तपासणीला अजून दीड तास होता, पण ते तसेच उठले आणि दवाखान्यात गेले.

पेसमेकर तपासणाऱ्या राखी मॅडमनी त्यांना लगेच आत घेतलं. अविनाशनं घाईघाईत झालेलं सांगितलं. मॅडमनी रंगरावांना झोपवलं, वायरीला जोडलेली एक चपटी गोल तबकडी त्यांच्या डाव्या छातीवर ठेवली आणि पडद्यावर आकडे पाहू लागल्या. रंगराव छताकडं पाहत होते. त्या पाच मिनिटांत त्यांनी मनातल्या मनात मळ्याची वाटणीसुद्धा करून टाकली.

"काका, सगळं व्यवस्थित आहे," मॅडम म्हणाल्या. "आज काही झालेलं नाही आणि गेल्या सहा महिन्यांतही नाही. यात सगळी नोंद असते."

"पन मी छाती लावली होती."

"किती जवळ?"

रंगरावांनी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. फूटभर तरी होतं.

"एक वीत अंतर असलं की बास. आणि चुकून त्याहून जवळ गेलात तरी डबी बिघडत नाही. थोडा वेळ वेगळ्या तऱ्हेनं चालते, लांब झालात की परत पहिल्यासारखी. पेटी छातीशी कवटाळून बसू नका, एवढंच." त्या जरा हसल्या. "काका, ही तबकडी मी तुमच्या छातीवर ठेवलीय ना, हिच्या आतही लोहचुंबक आहे. तपासताना आम्ही ते मुद्दाम ठेवतो. मागच्या वेळीही ठेवलं होतं."

रंगरावांनी मान उचलून छातीवरच्या तबकडीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोकं परत उशीवर टेकलं, आणि त्यांच्या पोटातून एवढा लांब श्वास निघाला की पडद्यावरची रेघसुद्धा हलली.

"मिक्सर?" त्यांनी झोपूनच विचारलं.

"चालेल."

"पिठाची गिरनी? मोटरचं बटन?"

"चालेल. वायरिंग तेवढं धड असू द्या."

"रानडुकरांसाठी कुंपनाले झटका मशीन हाये आमच्याकडं."

"त्या तारेला हात लावू नका. खरं तर कुणीच लावू नये."

अजून चार गोष्टी त्यांनी विचारल्या. बाहेर आल्यावर अविनाश गाडीकडं निघाला तर रंगराव दवाखान्यासमोरच्या टपरीकडं वळले. दोन चहा सांगितले, मग भजी सांगितली. खाता खाता त्यांना हसू येऊ लागलं.

"लेका, ज्याले भेलो ते छातीवर ठेवून घेतलं अन् गुपचाप घरी आलो."

अविनाशलाही हसू आलं, पण त्याचे डोळे ओले झाले होते. तो दुसरीकडं बघत म्हणाला, "मंग आता कोनता घ्याचा?"

"बंद पेटीचा. त्यात इचाराचं काय हाये?"

दुकानात परत गेले तेव्हा निशिगंधानं आधी तब्येतीचं विचारलं आणि मगच बिलाचं पुस्तक काढलं. पेटी बांधून देताना तिनं एक गोष्ट सांगितली. सबवूफर खोलीत कुठंही ठेवून चालत नाही, जागा सापडावी लागते. त्यासाठी पेटी आधी आपण बसतो त्या सोफ्यावर ठेवायची, ढोलकी लावायची आणि आपण जमिनीलगत कान ठेवून भिंतीभिंतीनं रांगत जायचं. जिथं थाप सगळ्यात साफ ऐकू येईल, ती पेटीची जागा.

घरी पोचायला दिवेलागण झाली होती. जेवण राहू दे म्हणून रंगरावांनी आधी पेटी सोफ्यावर ठेववून घेतली, धोतराचा सोगा खोचला आणि टीव्हीच्या कोपऱ्यापासून रांगायला सुरुवात केली. सत्यभामाबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या तर नवरा चारी पायांवर, कान फरशीजवळ, आणि सोफ्यावर एक काळा ठोकळा ढोलकी वाजवतोय.

"काय हरवलं?" त्यांनी हसत विचारलं.

"गप राह्य. ऐकू दे."

रुपाली तोंडावर पदर धरून हसत होती. तिनं मघाशी ओट्यावरच अविनाशकडून सगळी हकीकत ऐकली होती, आणि आता तिनं ती सासूच्या कानात सांगितली. सत्यभामाबाईंचं हसू थांबलं. त्या पुढं आल्या आणि रांगणाऱ्या नवऱ्याशेजारी फरशीवर बसल्या.

"मले वाटलं तुमाले आमचा कंटाळा आला," त्या हळूच म्हणाल्या. "दवाखान्यातून आल्यावर मानूस बदलते म्हनतात. मी समजून गेली, आता हे असेच राह्यतील."

रंगराव थांबले. गुडघ्यांवर बसले. "तसं नाही गं," ते म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला जवळ बोलावलं. "इथं कान लाव. हे पाह्य. आता तिकडं. हाये का नाही फरक?"

सत्यभामाबाईंनी कान लावला. त्यांना काहीच फरक कळला नाही. "हाव," त्या म्हणाल्या.

जागा सापडली ती दाराच्या आणि खिडकीच्या मध्ये, जिथं रुपालीची शिलाई मशीन होती. मशीन हलवली, पेटी बसली. जेवून सगळे सोफ्यावर आले आणि सोमवार असूनही सिनेमा लावला. कुठल्याशा धरणावरची गोष्ट होती. पाणी सुटलं तेव्हा खोलीभर एक खोल, गच्च आवाज भरला आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं न वाजवता निघून गेला. रंगरावांनी अविनाशला बोटानं खूण केली, अर्धा पॉइंट खाली. त्यानं घेतला. मग त्यांनी मान डोलावली आणि पाय सोफ्यावर घेतले.

अर्ध्या सिनेमातच त्यांना झोप लागली. रुपालीनं आवाज कमी करायला रिमोट उचलला.

"राहू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चालू दे तसंच."