आर्डिसच्या कोंबड्यांचं पाणी

आर्डिस टोलेफ्सन डिसेंबरच्या सुरुवातीला पाण्याची बादली घेऊन खुराड्याकडे जाताना घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. बर्फात पडल्या पडल्या तिने पहिलं काय विचारलं, तर बादली सांडली का. सांडली होती. तिच्या भावाने, सेल्मरने, तिच्या अंगावर घोंगडी टाकली, दवाखान्याची गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत दुसरी बादली भरून कोंबड्यांना पोचवली. ही शेवटची गोष्ट त्याच्या मनात नव्हती, पण आर्डिस आडवी पडूनही हुकूम सोडत होती.

दोघंही सत्तरी ओलांडलेली, दोघंही बिनलग्नाची. मिनेसोटाच्या पार उत्तरेला बापाने ठेवलेल्या शेतावर ती दोघं राहत होती. कामाची वाटणी कधीकाळी होऊन गेलेली होती: ट्रॅक्टर त्याचे, कोंबड्या तिच्या. सेल्मरला कोंबड्या कधीच आवडल्या नाहीत. त्यांच्याशी कितीही चांगलं वागा, त्या तुमच्याकडे एकाच डोळ्याने बघतात. आर्डिसने त्यांना चर्चच्या महिला मंडळाच्या जुन्या अध्यक्षांची नावं दिली होती. बोर्गहिल्ड, थेल्मा, इन्गेबोर्ग वगैरे. अध्यक्ष सगळ्या वारलेल्या होत्या, एक सोडून, आणि तिने अजून तक्रार केली नव्हती.

आता आर्डिस मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात होती. हाड जुळेपर्यंत तिथेच राहायचं होतं. रोज दुपारचं जेवण झालं की ती फोन करायची.

"पाणी आहे का?"

"आहे."

"बरं."

आणि फोन ठेवायची. त्या दोघांच्या मानाने या लांबलचक गप्पा होत्या.

हाड एव्हाना जुळत आलं होतं. पण वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी तिला कायमची खोली देऊ केली होती. खिडकीची खोली, समोर तळं. जानेवारीअखेरच्या शुक्रवारपर्यंत काय ते सांगायचं होतं. सेल्मरने तिला दोनदा विचारलं, "मग, घरी येतेस ना?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "नको, तुला कशाला त्रास." नंतर एकदा स्वतःहूनच म्हणाली, "कोंबड्या धड राहिल्या तर बघू. त्याच नसल्या तर घरी येऊन बघायचं काय?"

घरी सेल्मर होता, पण ते तिच्या लक्षात आलं नसावं.

त्या मुलखात 'नको'ची एक रीत आहे. पहिलं नको सभ्यपणाचं. दुसरं नको समोरचा मनापासून विचारतोय का हे पाहण्यासाठी. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस "बरं, इतकं म्हणताय तर" असं पुटपुटतो आणि केकचा तुकडा उचलतो. तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तर ते मात्र खरं नको. त्यानंतर विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. सेल्मरने आर्डिसला तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं. ती पुन्हा नको म्हणाली असती, तर तेच कायमचं झालं असतं. त्यापेक्षा कोंबड्या जगवणं सोपं, असं त्याला वाटलं. तेव्हा जानेवारी लागायचा होता.

जानेवारीत पारा उणे तिशीखाली उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. सकाळी नेलेलं गरम पाणी सेल्मर कॉफी पिऊन परत येईपर्यंत वरून गोठलेलं असायचं, आणि जेवणापर्यंत तळापासून. रबरी घमेलं बाहेर नेऊन उलटं करायचं, त्याच्यावर उभं राहून दोन पाय आपटायचे, की आतला बर्फ अख्खा बाहेर पडायचा. खुराड्याच्या भिंतीला लागून अशा गोल बर्फांची रांग लागली होती, प्रत्येकात थोडा पेंढा आणि एखादं पीस. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा काहीतरी विकायला बसलाय.

बादली हातात घेऊन चालायची त्याची छाती नव्हती. वाट तीच होती आणि गुडघे आर्डिसपेक्षा वाईट होते. म्हणून तो लहान मुलांच्या घसरगाडीवर बादली बांधून ओढत न्यायचा. निम्मं पाणी वाटेवर सांडायचं आणि गोठायचं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाट आणखी निसरडी व्हायची. तो स्वतःच्याच पायाखाली रोज नवा बर्फ अंथरत होता, हे त्याला कळत होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

इलाज सांगणारे मात्र पुष्कळ होते. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना एकाने सांगितलं, बाटलीत मिठाचं पाणी भरून घमेल्यात तरंगत ठेव, ती हलत राहते आणि पाणी गोठत नाही. सेल्मरने ठेवली. संध्याकाळी ती बाटली बर्फात ताठ उभी होती. दुसऱ्याने सांगितलं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घे, आत बल्ब लाव आणि वर पाण्याचं भांडं ठेव. ही युक्ती खरी होती, त्यांची आईसुद्धा असंच करायची. सेल्मरने दुपारभर खपून डब्याला भोक पाडलं, वायर ओढली, बल्ब लावला. पण घरातले जुने बल्ब कधीच गेले होते. आता सगळे होते ते वीज वाचवणारे नवे, जे उजेड भरपूर देतात आणि हाताला गार लागतात. पाणी गोठलंच. फरक एवढाच की कोंबड्यांना आता बर्फ स्वच्छ दिसू लागला. ऊब देणारा लाल दिवा टांगायची आर्डिसची सक्त मनाई होती, कारण शेजारच्या नायगार्डांचं खुराडं त्याच दिव्याने राख झालं होतं. आणि दुकानातली विजेवर तापणारी थाळी, जिच्यावर भांडं ठेवलं की काम भागतं, ती संपली होती. थंडी पडली की सगळ्यांना ती एकदमच आठवते.

अशा वेळी रेनाटा आली. नायगार्डांचं शेत तिने दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. मूळची टेक्सासची, शाळेची बस चालवायची. तिच्या काखेत तसलीच थाळी होती, वायर गुंडाळलेली.

"मिस्टर टोलेफ्सन, माझ्या कोंबड्या कोल्ह्याने संपवल्या. ही नुसती पडून आहे. तुम्ही ठेवा."

सेल्मरच्या जिवात जीव आला. तो म्हणाला, "छे छे, नको. कशाला उगीच."

"अहो, मला काही उपयोग नाही तिचा. घ्या ना."

"नको नको. आमचं चाललंय ठीक."

रेनाटाने त्याच्याकडे पाहिलं, मग खुराड्याबाहेरच्या बर्फाच्या रांगेकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि थाळी काखेत मारून ट्रकमध्ये बसली.

सेल्मर दार उघडं ठेवून उभा राहिला. ती हातमोजे विसरली असेल आणि परत येईल, मग तिसऱ्यांदा विचारेल, असं त्याला वाटलं. ट्रक रस्त्याला लागला. वळला. दिसेनासा झाला. स्वयंपाकघर एव्हाना खुराड्याइतकं गार झालं होतं, तेव्हा त्याने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिची बस परतायच्या वेळेला तो टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिला. पेटीत काही येणार नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. रेनाटाने बस थांबवून खिडकी सरकवली.

"काही हवंय का?"

"छे." सेल्मरने आभाळाकडे पाहिलं. "थंडी आहे जराशी."

"जराशी? माझ्या पापण्या चिकटल्यात."

"कोंबड्यांना या दिवसांत तहान फार लागते."

"हो का? मला माहीत नव्हतं."

"पाणी पितात पुष्कळ. असलं तर."

"छान," रेनाटा म्हणाली आणि खिडकी लावून निघून गेली. याहून उघड बोलणं सेल्मरने आयुष्यात केलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्याचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते.

गुरुवारी सकाळी बोर्गहिल्ड दांडीवरून उतरलीच नाही. त्याने तिला उचललं तेव्हा ती हलकी लागली. तुऱ्याची टोकं काळी पडली होती. घमेल्यातल्या बर्फावर चोचींनी टोचल्याचे बारीक बारीक पांढरे खळगे होते, आणि बाकीच्या कोंबड्या त्याभोवती गप्प उभ्या होत्या. सेल्मरने तिला कोटाच्या आत घेतलं, स्वयंपाकघरात आणलं, चमच्याने कोमट पाणी पाजलं. निम्मं तिच्या छातीवरून ओघळलं. दुपार होईतो ती त्याच्या मांडीवरच गेली. जाताना तिने त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. त्या डोळ्याचं सेल्मरला या वेळी वाईट वाटलं. आपल्याला लाज वाटते आहे, हेही त्याला स्पष्ट कळलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पाणी आहे का?"

"आहे," सेल्मर म्हणाला. ते खोटं नव्हतं. फक्त घट्ट होतं.

"बरं. त्या खोलीचं उद्या सांगायचंय बाईंना. हो म्हणून टाकते. तळं दिसतं तिथून."

सेल्मरने तोंड उघडलं, पण फोन ठेवला गेला होता. त्याने बोर्गहिल्डला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, कोट चढवला आणि गाडी काढून थेट रेनाटाच्या दारात गेला. दार उघडताच, आत बोलावण्याआधीच, तो म्हणाला, "ती थाळी मला हवी आहे."

रेनाटा उंबऱ्यावर आली. "मग त्या दिवशी नको का म्हणालात?"

"तुम्ही दोनदाच विचारलंत."

"किती वेळा विचारायला हवं होतं?"

"तीन."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"हे कोणी सांगत नाही."

रेनाटाने दाराला पाठ टेकवली. "म्हणजे लोक मला कॉफी विचारतात आणि मी पहिल्या झटक्यात हो म्हणते, तेव्हा सगळे गप्प होतात ते यामुळे?"

"थोडं बोलणं होतं नंतर," सेल्मरने कबूल केलं. "पण वाईट कोणी म्हणत नाही. धीट आहे म्हणतात."

"दोन वर्षं," रेनाटा म्हणाली. "दोन वर्षं मला वाटतंय माझ्या तोंडाला वास येतो." आणि ती थाळी आणायला आत गेली.

ती त्याच्याबरोबर आली. वायर तिनेच ओढली, थाळी विटांवर नीट बसवली, वर पाण्याचं भांडं ठेवलं. थोड्या वेळाने पाण्यावर बारीक वाफ धरली. थेल्मा पुढे आली, चोच बुडवली आणि मान वर करून घोट गिळला. मग इन्गेबोर्ग आली, मग सगळ्या. सेल्मर घोट घेणाऱ्या त्या माना बघत पेंढ्यात उभा राहिला. रेनाटा कधी गेली हे त्याला कळलं नाही, आणि आभार मानायचे राहूनच गेले.

शुक्रवारी तो वृद्धाश्रमात गेला. आर्डिस खुर्चीत बसून टीव्ही बघत होती. टीव्हीवर कोणीतरी केक करत होतं.

"पाणी आहे का?"

"आता आहे. आधी नव्हतं. मी तुला आहे म्हणत होतो, पण गोठलेलं होतं." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "बोर्गहिल्ड गेली. माझ्या मांडीवर गेली."

आर्डिसने नजर केकवरच ठेवली. "म्हातारीच होती ती," ती म्हणाली. "तुझ्याच्याने व्हायचं नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर इथंच राहते म्हटलं. मी घरी आले की तुला दोन्हींचं बघावं लागणार, त्यांचंही आणि माझंही."

सेल्मरच्या ओठावर तिसरा प्रश्न आला होता. त्याने तो गिळला. प्रश्न विचारला की उत्तराची पाळी येते, आणि तो धोका त्याला पत्करायचा नव्हता.

"आर्डिस, मला तू घरी हवी आहेस," तो म्हणाला. "विचारत नाहीये. सांगतोय. घरात कोणी बोलत नाही. मी कोंबड्यांशी बोलायला लागलोय."

"असं तोंडावर बोलतात का कुणाला?"

"रेनाटा बोलते."

आर्डिसने टीव्हीचा आवाज कमी केला, मग वाढवला, मग बंदच केला. ती काही बोलणार तोच व्यवस्थापक बाई आत आल्या. गोऱ्या, गोल, याच भागात जन्मलेल्या आणि वाढलेल्या.

"मग आर्डिस, ती खिडकीची खोली तुमची म्हणून लिहू ना?"

"नको," आर्डिस म्हणाली.

बाई हसल्या. "अहो, त्रास कसला त्यात. तुमच्यासाठीच राखून ठेवलीय."

"नको नको."

सेल्मरने टोपीची कड घट्ट धरली. बाईंनी मान किंचित कलती केली आणि रीतीप्रमाणे, अगदी मनापासून विचारलं, "नक्की ना आर्डिस? सकाळचं ऊन थेट आत येतं तिथं."

"नको," आर्डिस म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

सेल्मर उठला. गाडी तापवून ठेवतो, असं काहीतरी तो म्हणाला. गाडी मघाशीच आणलेली होती, चांगली तापलेली होती. पण त्याला रडू येत होतं, आणि त्या भागात रडायचं असलं तर गाड्या लावतात तिथंच जावं लागतं.