लाडवांचा डबा भरलेलाच परत आला

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत रुखमाबाईंनी मला घासाघीस करून विकत घेतलं आणि झाकणावर आपलं नाव घालून घेतलं. तेव्हापासून खामगावच्या त्यांच्या स्वयंपाकघरात माझा तोरा काही विचारू नका.

त्यांचा भालचंद्र मॅट्रिक होऊन अमरावतीच्या कॉलेजात निघाला. तेव्हा त्याचे वडील वामनराव, कचेरीतले कारकून, त्याला म्हणाले, "तब्येत बिघडवून घेतली तं कॉलेजातून नाव काढून घरी आणीन." बोलले काळजीपोटी, पण पोराने ती धमकीच समजली.

शेजारचे रंगराव दर आठवड्याला कामासाठी अमरावतीला जात. त्यांच्याबरोबर मी मेथीचे लाडू घेऊन आगगाडीने जायचो. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून भालचंद्र माझ्यात चिमूटभर साखर घालून पाठवी. ती दिसली की रुखमाबाई म्हणत, "खाऊन राह्यला माझा लेक."

त्या हिवाळ्यात भालचंद्रला दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. लाडू तो वसतिगृहात वाटून टाकी आणि माझ्यात न चुकता साखर घाली. खरं सांगतो, मला त्या साखरेची लाज वाटायची. एका खेपेला तर त्याला उठून बसवेना. खोलीतल्या लक्ष्मीकांतला तो म्हणाला, "साखर तूच घाल. अन् घरी सांगू नको बे, शपथ आहे तुले. सांगितलं तं माझं कॉलेज सुटलं समज."

"अन् तुले काही झालं तं?"

भालचंद्रने भिंतीकडे तोंड फिरवलं.

लक्ष्मीकांतने मला हातात घेतलं. शपथ मोडायला तो धजेना. शेवटी त्याने लाडू जसेच्या तसे ठेवले, झाकण घट्ट लावलं आणि मला फाटकाशी थांबलेल्या रंगरावांकडे दिलं.

जलंबला गाडी बदलताना रंगराव पुटपुटले, "डबा जड लागून राह्यला आज." पण त्यांनी उघडला नाही. घरी रुखमाबाई पाहुण्यांच्या गडबडीत होत्या. "ठेवा फळीवर," एवढंच त्या म्हणाल्या. मी दिवसभर फळीवर बसून होतो. अमरावतीत पोरगं तापाने फणफणलेलं, आणि माझ्याकडे कोणी बघेना! जिवाची नुसती तगमग झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घासायला म्हणून त्यांनी मला उचललं आणि त्या थबकल्या. झाकण निघालं. "अहो, यानं एकबी लाडू खाल्ला नाही!"

"अभ्यासाच्या धांदलीत विसरला असन," वामनराव म्हणाले.

"भूक कोणी विसरते काय? गाडी कवा आहे, ते सांगा मले."

दोघं तसेच निघाले. मऊ भात भरून मलाही पिशवीत घेतलं. खोलीत शिरताच रुखमाबाईंनी पोराच्या कपाळाला हात लावला आणि त्यांना रडू फुटलं. डॉक्टर आले, त्यांनी हिवतापावरचं कोयनेल सुरू केलं. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं ते म्हणाले.

"बाबा, नाव काढू नका," भालचंद्र कसाबसा बोलला.

वामनराव त्याच्या उशाशी बसले. "मी तसं बोलाले नोको होतं. कॉलेज कुठी जात नाही. तू पयले बरा हो."

पुढे साखर बंद झाली. तिच्याऐवजी चिठ्ठी येऊ लागली. "ताप नाही. पण इंग्रजीच्या तासाला छाती धडधडते." वामनराव ती दोनदा वाचत आणि लगेच उत्तर लिहीत.

आता मी माळ्यावर आहे. झाकणही नीट बसत नाही. मित्रांनो, घर सोडून शिकायला जाल तेव्हा दुखलंखुपलं लपवू नका. मी डबा होतो, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.