साहेबांची खुर्ची

साहेब म्हणजे कुत्रा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर काकू सकाळी सकाळी "साहेब, उतरा आधी सोफ्यावरून!" म्हणून ओरडायच्या, तेव्हा नव्या शेजाऱ्यांना घरात कोणी बडा पाहुणा आलाय असंच वाटायचं. नाव काकांनी ठेवलेलं. कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं आणि खुर्चीत बसणारा प्रत्येक जण त्यांच्यासाठी साहेबच. दुकान बंद असायचं त्या वारी हा कुत्राही त्याच खुर्चीत बसून काकांकडून केस कापून घ्यायचा. मग याला वेगळा न्याय कशाला?

काका गेले, दुकानाला कुलूप लागलं आणि साहेबांच्या अंगावर जटा वाढू लागल्या. कानामागे, काखेत, केसांच्या गाठी इतक्या घट्ट की खालची कातडी लाल झालेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "या आठवड्यात केस निघायलाच हवेत. जागेपणी कापू देत नसेल तर भूल द्यावी लागेल. आणि याचं हृदय बघता, भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही."

काकूंनी भूल द्यायला साफ नकार दिला.

लेकीने पुढाकार घेतला. आधी कुत्र्यांचं पार्लर झालं. काचेचं दार, गार हवा, कुजबुजत बोलणाऱ्या मुली. एकीने मांजरीच्या पावलांनी मागून कात्री आणली आणि साहेबांनी असा काही कालवा केला की तिने कोपरापासून हात जोडले. मग दारात येऊन कुत्र्यांचे केस कापणारी गाडी बोलावली. साहेब ज्या झोकात आत गेले, त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आले. गाडीवाला म्हणाला, "काकू, घरीच बघा. ओळखीच्या जागी, अगदी शांतपणे, त्याला कळू न देता."

काकूंनी तेही केलं. गॅलरीत सतरंजी घातली, कात्री पदराआड लपवली, श्वास रोखून जटेला हात घातला. साहेब गुरगुरले आणि काकूंच्या बोटावर दात उमटले. आयुष्यात पहिल्यांदा! काकू तिथेच बसून रडल्या. बोट दुखत होतं म्हणून नव्हे.

"आई, एक जागा राहिली," लेक बोटाला पट्टी बांधत म्हणाली.

"ती सोडून बोल."

"सगळं गाव पालथं घातलं आपण, आणि हाकेच्या अंतरावर..."

"सोडून बोल म्हटलं ना!"

आता याला हट्ट म्हणा, वेडेपणा म्हणा. काका दिवसभर घरी नसायचेच. त्यामुळे घरात त्यांचं नसणं काकूंना सवयीचं होतं. कुलूप उघडत नाही तोवर ते दुकानात आहेत अशी स्वतःची समजूत घालता येत होती. दार उघडलं की संपलं. पण साहेब मान वाकडी करून कान खाजवायला बघत होते आणि पाय लागताच कळवळत होते. काकूंनी डोळे पुसले आणि चावी घेतली.

शटर वर गेलं. काकू उंबऱ्यातच थबकल्या, साहेब मात्र धडपडत खुर्चीत चढून आरशाकडे तोंड करून बसले. काकूंनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि काकांची कात्री हळूच मागून नेली. पुन्हा गुरगुर! लेकीचा चेहरा उतरला. म्हणजे या जागेचाही उपयोग नाही?

काकूंनी दचकून हात मागे घेतला आणि कात्री हवेतच वाजली. किच्‌ किच्‌. गुरगुर थांबली.

अगं बाई! काका एकदा केसांवर आणि तीनदा हवेत कात्री चालवायचे. "हवेचे केस कापता का हो?" म्हणून काकू चिडवायच्या. ते म्हणायचे, "पाठीमागे कात्री कुठे आहे, हे माणसाला कळायला नको?" आणि इथे सगळे जण चोरासारखे त्या जिवाच्या मागे लागले होते! काकूंनी कात्री वाजवत वाजवत एकेक जट सोडवली. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

काम झालं, पण साहेब उतरेनात. चुचकारलं, ओढलं, ढिम्म हलेनात. मग काकूंना आठवलं. त्यांनी खणातला छोटा आरसा काढून मानेमागे धरला आणि काका सगळ्यांना विचारायचे तसं विचारलं, "बरोबर आहे ना, साहेब?"

साहेब खाली उतरले. बाकाखाली हुंगलं, बेसिनमागे हुंगलं, पडद्यामागे तर दोनदा डोकावून आले. मग परत येऊन काकूंच्या पायाशी बसले.

"नाहीत रे," काकू त्यांच्या हलक्या झालेल्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या. "मी याच भीतीने येत नव्हते."

लेक शटर ओढायला उठली.

"राहू दे उघडं," काकू म्हणाल्या. "बसू जरा."