ट्यूबवाल्या महाराजांची गादी

त्या वर्षी पाचोडच्या आठवडी बाजाराला लोक ट्यूबलाइट घेऊन येऊ लागले. विकायला नव्हे. उडालेल्या, दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या, उकिरड्यावर फेकायच्या ट्यूबा. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या काखेत, एका म्हातारीने तर तान्ह्या लेकरासारखी पदरात गुंडाळून आणलेली. बाजार उठला, दिवस कलला आणि लोडशेडिंगने गाव अंधारलं की ही सगळी वरात ज्योतीनाथ महाराजांच्या मांडवाकडे निघे.

मांडवात उंच लाकडी चौरंग, त्यावर भगवी गादी, गादीवर महाराज. पुढे झांजा आणि ढोलकी. महाराज भक्ताला गादीजवळ बोलावत, त्याचीच गेलेली ट्यूब त्याच्या हातात देत आणि डोळे मिटून पुटपुटत. झांजांचा कल्लोळ वाढे आणि साऱ्या गावात दिवा नसताना ती ट्यूब निळसर पांढरी उजळे. ना वायर, ना होल्डर. लोक जागच्या जागी लोटांगण घालत.

"मेलेली ट्यूब जित्ती झाली," महाराज सांगत. "मंग तुमच्या अंगातलं मेलेलं जित्तं करणं मला जड हाय का? सरकारी वीज येती न् जाती. माझी वीज आदिमायेची. तिला लोडशेडिंग नाय."

आदिमायेच्या विजेला बाजाराचाच दिवस कसा सोयीचा पडतो, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

मी उमा. घर औरंगाबादला गुलमंडीत, नोकरी पाचोडच्या शाळेत, विषय विज्ञान. रोज एसटीने जाऊन-येऊन. बाबा येतात, बाबा जातात, आपण कशाकशाला पुरे पडणार, असं म्हणून मी त्या मांडवाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

ती जागा द्वारकाबाईंची. शाळेत खिचडी शिजवायच्या. दोन्ही किडन्या निकामी, म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर औरंगाबादला डायलिसिसला यायच्या आणि बहिणीकडे मुक्काम करायच्या. लागोपाठ दोन खेपा त्या आल्या नाहीत, तेव्हा मी चुलीपाशी जाऊन विचारलं.

"आता काय गरज नाय, बाई," त्या म्हणाल्या. चेहरा सुजलेला, पण डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "माझ्या हातात ट्यूब पेटली. महाराज म्हणले, तुझी किडनी बी अशीच पेटली. सुया टोचून घेऊ नको, तीर्थ घे."

तीर्थ कसलं, तर नारळपाणी. डॉक्टरांनी ज्याचा थेंबही घ्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, तेच. किडनी काम करत नसली की त्यातले क्षार रक्तात साठतात आणि हृदयाचा ठोका बिघडवतात. मी परोपरीने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खिचडीत मीठ टाकलं.

मग मी बन्सीला गाठलं. बन्सी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा लाडका विद्यार्थी. नववीत असताना त्याने आणि मी मिळून प्लॅस्टिकच्या पाइपवर तांब्याची बारीक तार गुंडाळून मोठ्या दाबाची वीज काढणारी कॉइल केली होती. तिच्याजवळ धरलेली उडालेली ट्यूबही, आतला वायू शाबूत असतो म्हणून, हातातल्या हातात उजळली, तेव्हा हा पोरगा वर्गभर नाचला होता. तारेची टोकं चिकटवायला व्हार्निश नव्हतं, म्हणून मी पर्समधली लाल नेलपॉलिश दिली होती. आता तो वाळूजला एका कारखान्यात स्पार्क मशीनवर होता. तेलात बुडवलेल्या पोलादावर ठिणग्या पाडून हवा तो साचा कोरणारं ते यंत्र. त्याचं मला कोण कौतुक!

मी म्हटलं, "बन्सी, गादीखाली आपल्या नववीतल्या कॉइलसारखीच कॉइल असणार. तुझ्या आईला तू सांग. तुझं ती ऐकेल."

तो खाली बघत म्हणाला, "तिची श्रद्धा हाय, बाई. अन् त्या ट्यूबचं मला काय समजत नाय."

वर्गातल्या साऱ्यांना विसर पडला तरी याला पडणार नाही, असा तो धडा. मला खटकलं. पण पोरगा आईच्या काळजीने सैरभैर झाला असेल, असं मीच माझ्या मनाला समजावलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी उडालेली ट्यूब आणि पिशवीत बारीक आवाजात चालू ठेवलेला ट्रान्झिस्टर घेऊन मांडवात गेले. द्वारकाबाई पुढच्या रांगेत होत्या, पाय सुजून टरारलेले. महाराज मला बघून खूश. शिकलेल्या बाईसुद्धा आल्या, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं आणि मला गादीजवळ बोलावलं. झांजा घुमू लागल्या. त्याच क्षणी माझा ट्रान्झिस्टर खरखरायला लागला. जवळपास ठिणग्या पडत असल्या की रेडिओ असाच ओरडतो. झांजा होत्या त्या ठिणग्यांचा तडतडाट झाकायला.

"महाराज, आज तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "मंत्र मी म्हणते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

ट्यूब माझ्या हातात लख्ख उजळली. मांडवात मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी पाढा चालूच ठेवून मागे सरकले, ट्यूब विझली. पुढे झाले, पेटली. आदिमायेचं राज्य हातभर अंतरातच संपत होतं.

महाराजांना उठायला सांगितलं तर ते शाप देऊ लागले. तेव्हा गावचे कारभारी पाटील, जे स्वतः दोन ट्यूबा घेऊन आले होते, पुढे झाले आणि त्यांनी गादी ओढली. चौरंग पोकळ. आत ट्रॅक्टरची बॅटरी, मोटारीची इग्निशन कॉइल आणि प्लॅस्टिकच्या पाइपवर गुंडाळलेली तांब्याची तार. तारेच्या दोन्ही टोकांना लाल नेलपॉलिश.

ती आमचीच नववीतली कॉइल होती. चौरंगातून एक वायर सतरंजीखालून मागच्या पडद्याकडे गेली होती. मी ती हातात धरून पडद्यापर्यंत गेले आणि पडदा सारला. बटण हातात घेऊन बन्सी बसला होता.

द्वारकाबाई उठल्या, मुलाकडे दोन पावलं आल्या आणि कोसळल्या.

पाटलांच्या जीपमधून औरंगाबादला नेलं. अपघात विभागात हृदयाचा ठोका सैरावैरा झाला. डॉक्टरांनी छातीवर दोन पट्ट्या टेकवून विजेचा झटका दिला. द्वारकाबाईंचं अंग उसळलं, मॉनिटरवरची वेडीवाकडी रेघ सपाट झाली आणि मग हळूहळू नियमित ठोके उमटू लागले. मागोमाग डायलिसिस सुरू झालं. इथं झांजा नव्हत्या, पुटपुटणं नव्हतं. काय करतोय आणि का करतोय, हे डॉक्टर आम्हाला सांगत होते.

द्वारकाबाई बोलू लागल्या तेव्हा बन्सी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. कारखान्यात आपल्याला कुणी विचारत नाही, महाराज चारचौघांत इंजिनिअर म्हणायचे, नुसत्या ट्यूबा पेटवायच्या होत्या, असं तो मला आदल्या दिवशी सांगून चुकला होता. माझा धडा त्याने विकला याचा मला राग होता, पण खरा हिशेब त्याच्या आईचा होता.

द्वारकाबाईंनी एवढंच विचारलं, "माझ्या हातातली ट्यूब पेटली, तवा बटनावर कोण व्हतं?"

"मीच."

"तुला दिसलं नसंल. मधी पडदा व्हता."

बन्सी रडायला लागला. "महाराजांनी तुझं नाव घेतलं व्हतं, आई. म्या ऐकलं. तरी दाबलं."

द्वारकाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. आज त्या पुन्हा माझ्या शेजारी बसून डायलिसिसला येतात. बन्सी स्टँडवर सोडायला येतो, पिशवी उचलायला हात पुढे करतो. त्या पिशवी देत नाहीत.

महाराज पोलिसांच्या ताब्यात आहेत. एक गेला म्हणून दुसरा येणार नाही, असं नाही. म्हणून सांगते. घरातली ट्यूब, गॅसचा लायटर, स्कूटरचा प्लग, वेल्डिंग, वाळूजचं ते यंत्र आणि द्वारकाबाईंचं हृदय ठिकाणावर आणणारा झटका, हा सगळा विजेचाच खेळ. ती वीज कुणाचं पुण्य बघत नाही आणि कुणाच्या मंत्राला थांबत नाही. तीच वीज महाराजांच्या गादीखालीही होती. फरक इतकाच की डॉक्टरांना काही झाकावं लागलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी गादी उचलायला सांगा. आणि पडदा असेल, तर त्याच्यामागे कोण बसलंय तेही बघा. आपलंच माणूस असू शकतं.