सुगराबीच्या कॉफीचं वेळापत्रक

"अच्छा है," पाशामियाँ म्हणाले आणि अर्धा भरलेला कप तसाच बाकावर ठेवून दिला.

झालं! कौसल्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. कॉफी वाईट झाली असेल तर वाईट म्हणावं की माणसानं! पण सुगराबी गेली तेव्हापासून, म्हणजे वर्ष होत आलं, या म्हाताऱ्याच्या तोंडी हे दोनच शब्द. खिचडी अच्छी, सालन अच्छा, डॉक्टरची कडू दवासुद्धा अच्छी. ज्या माणसानं चाळीस वर्षं बायकोच्या प्रत्येक पातेल्यात खोट काढली, तो आता कशालाच नावं ठेवीना आणि चार घासांवर पाचवा खाईना. अंगावरचा कुडता खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

त्यांच्या लेकानं, अकिबनं, आदल्या दिवशी फोन केला होता. "मावशी, अब्बा दिवसभर भांडायचे ना, तेच बरं होतं बघा. आता नुसते बसून राह्यलेत. अम्मी गेल्यापासून हॉटेलात कॉफी बंद हाय. मी करून बघितली, शबनमनं बघितली, जमंना. तुमच्या वहीत अम्मीची कॉफी लिहिलेली हाय का हो?"

आहे का? अहो, असणारच! कौसल्याबाई पहाटे उठल्या, वही पिशवीत घातली आणि जालन्याहून मिळेल त्या गाडीनं हसनाबाद गाठलं.

आता ही वही काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. कौसल्याबाई चोवीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. रोज त्याच वाटेवर तीच माणसं चढायची, त्यांच्याशी मैत्र जमायचं. कुणाच्या डब्याचं झाकण उघडलं की बाईंचं नाक तिकडं वळायचंच. "काय घातलंय हो ह्याच्यात?" म्हणत वही निघायची. जाफराबादच्या भगवतीदेवींची गट्ट्याची भाजी, कुठल्याशा गुरुजींच्या आईचं अंबाडीचं वरण, कुठल्या फाट्यावर चहा चांगला, कुठं पाणीच उकळून देतात, सगळं वहीत. आणि नियम पक्का: सांगेल त्यानं पानाखाली सही करायची. "तिकिटाबिगर प्रवास न्हाई, सहीबिगर पदार्थ न्हाई," असं त्या बजावायच्या. डेपोतली मंडळी चिडवायची, "बाई, वही चाटून पोट भरतं का?" बाई म्हणायच्या, "तुमचं न्हाई भरणार. तुम्हाला वाचता कुठं येतं?"

सुगराबीचं पान चौऱ्याहत्तरावं. खाली सहीच्या जागी शाईचा निळा अंगठा. आणि वर बाईंच्या गोल अक्षरात: "भोकरदनची गाडी सुटली की दूध मंद आचेवर ठेवायचं. जालन्याची गाडी आली की उतरवायचं. मग जायफळ, वेलची, चिमूटभर सुंठ आणि कॉफी."

सुगराबीचं स्वयंपाकघर पाशामियाँच्या हॉटेलाला पाठ लावून होतं. मध्ये एक खिडकी, तिच्यातून पातेली इकडची तिकडं व्हायची. समोर बसथांबा. घड्याळ तिनं कधी ठेवलंच नाही. "मला घड्याळ काय करायचं, आपा? तुमच्या गाड्या हायेत ना! हॉर्न ऐकला की समजून जाते." दोघी एकमेकींना आपाच म्हणायच्या. नवऱ्याबद्दल सुगराबीनं एकदा हसत सांगितलं होतं, "तारीफ करायला ह्यांना जीभच दिली न्हाई देवानं. नुसती खोट काढत्यात. पण कॉफी मनासारखी झाली ना, तर पिऊन कप खिडकीत पालथा ठेवत्यात. मंग मी समजायचं." बाईंनी तेही पानाच्या कडेला लिहून ठेवलं होतं.

भोकरदनची गाडी चारला सुटायची. जालन्याची म्हणजे खुद्द बाईंची गाडी. ती यायची चार पंचविसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चोवीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं लॉगशीटवर तेच लिहिलं होतं. पंचवीस मिनिटं! अकिबच्या बायकोनं, शबनमनं, मोबाईलवर वेळ लावली, बाईंनी दूध ढवळलं, बरोबर पंचविसाव्या मिनिटाला पातेलं खाली उतरलं.

आणि म्हाताऱ्यानं काय म्हणावं? अच्छा है!

स्वयंपाकघरात येऊन कौसल्याबाई पाटावर मट्कन बसल्या.

"मावशी, राग नका मानू," शबनम हळूच म्हणाली. "अम्मीच्या दुधाचा रंग असा नसायचा. बदामी यायचा. मी बघायची ना, पण वेळ कधी मोजली न्हाई."

"मंग वहीच खोटी म्हणायची का गं?"

हे पान खोटं, तर मग बाकीची दोनशे पानं कशावरून खरी? ज्यांनी सह्या केल्या त्यातली कितीतरी माणसं आता सांगायला उरली नव्हती. त्यांच्या हातची चव आपल्यापाशी जपून ठेवलीय या भरवशावर बाई जगत होत्या, आणि आपलंच नाणं खोटं निघालं. शिवाय बाहेर बाकावर बसलेला तो माणूस. त्याला काय सांगायचं?

उगीच हाताला चाळा म्हणून त्या पानं उलटत राहिल्या. एका पानावर तेलाचा मोठा डाग होता. शबनमनं वाकून मोठ्यानं वाचलं, "फाट्यावरचं हरिओमचं हॉटेल. मिरची भजी. कढईतून डोळ्यांदेखत निघाल्याशिवाय घेऊ नये. दुपारची खेप, रोज. शोधून काढणार: मच्छिंद्र ड्रायव्हर." आणि हसली. "रोज भजी खायचे का हो तुम्ही, मावशी?"

"रोज म्हंजे काय, रोजच. हसनाबादच्या अलीकडंच तर…"

बाई बोलता बोलता थांबल्या. मग एकदम पिशवीतून फोन काढला.

"मच्छिंद्रभाऊ, कौसल्या बोलून राह्यली. आपली दुपारची गाडी हसनाबादला किती वाजता पोचायची?"

"चार पंचवीस!" पलीकडून ठसक्यात उत्तर आलं.

"न्हाई, न्हाई. नीट आठवून सांगा."

मच्छिंद्रभाऊंनी आवाज खाली आणला. "बाई, लॉगशीटवरचं विचारून राह्यल्या का खरंखुरं?"

"खरंखुरं."

"शेजारी कुणी साहेब-बिहेब न्हाई ना?"

"न्हाई हो! बोला जल्दी!"

"मंग पाच. पाचच्या आत एक दिवस पोचलो आसंल तर शपथ. मी म्हणायचो चला, तर तुम्हीच म्हणायच्या, दुसरा घाणा निघू द्या, भाऊ. पब्लिक पण तुमच्याच बाजूनं!"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! कौसल्याबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. चोवीस वर्षं कागदावर रेटून खोटं लिहिलं ते लिहिलं, वर स्वतःच त्याच्यावर विश्वास ठेवला! सुगराबीनं कधी कागद पाहिलाच नव्हता. ती हॉर्न ऐकत होती, आणि हॉर्न पाचला वाजत होता.

"शबनम, दूध ठेव बाई. आच मंद. पुरा एक तास."

मग तासभर दोघी पातेल्यापाशीच होत्या. अर्ध्या तासानं साय कडेला धरू लागली, पाऊण तासानं दुधानं रंग बदलला आणि पुढं हळूहळू तो बदामी झाला. शबनम ओरडली, "हाच! हाच रंग, मावशी!" बाईंनी आपल्या हातानं जायफळ किसलं, वेलची-सुंठ घातली, कॉफी टाकली. वास खिडकीतून बाहेर गेला, तसा बाहेर पेपर वाचत बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, कॉफी चालू झाली का?"

अकिबनं खिडकीतून कप उचलला आणि बापापुढं ठेवला. पाशामियाँनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. कपाळाला आठी पडली.

"शक्कर कम है."

अकिब बघतच राहिला. "क्या बोले, अब्बा?"

"बहरा हुआ क्या? शक्कर कम है बोला! चालीस साल से बोल रहा हूँ, लेकिन इस औरत कू कभी…" बोलता बोलता त्यांनी मान खिडकीकडं वळवली, आणि आवाज तिथंच थांबला.

खिडकीतून शबनमचा हात पुढं आला. हातात साखरेचा डबा होता. पाशामियाँनी त्या हाताकडं पाहिलं, बांगड्यांकडं पाहिलं, मग निमूटपणे अर्धा चमचा साखर घेतली आणि बराच वेळ ढवळत राहिले. कौसल्याबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना आपाची फार आठवण आली, आणि आनंदही तितकाच झाला.

म्हाताऱ्यानं कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मिशा पुसल्या. आणि मग जे सुरू झालं! बाक किती दिवस पुसला नाही? 'कॉफी मिलेगी'ची पाटी कुठं फेकली? हॉटेल आहे का गुरांचा गोठा? अकिब पाटी शोधायला धावला. शिव्या खात होता आणि दात काढत होता. वर्षभर ज्यासाठी तो झुरला ते त्याला मिळत होतं.

"कौसल्याबाई," पाशामियाँ म्हणाले, "दूध किती वेळ आटवलं?"

"एक तास, पाशाभाई."

"मंग वहीत बराबर लिव्हा. नंतरच्यांना लागंल."

बाईंनी चौऱ्याहत्तरावं पान काढलं. सुगराबीचं एक अक्षरही खोडलं नाही. निळ्या अंगठ्याच्या खाली जागा होती, तिथं लिहिलं: "जालन्याची गाडी रोज पस्तीस मिनिटं उशिरा. कारण: भजी." आणि खाली स्वतःची सही केली.

वर पाहिलं तर पाशामियाँ उठून खिडकीपाशी गेले होते. त्यांनी रिकामा कप खिडकीत पालथा ठेवला आणि थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग ते गल्ल्यावर जाऊन बसले. आत शबनमनं भांडी घासायला घेतली, पण तो कप काही उचलला नाही.